पुकारा

"घ्रुतलहरे," मी म्हणाले, आणि कुणीच उठलं नाही.

पुन्हा म्हणाले. मांडवात शेकडो पोरं सतरंज्यांवर मांडी घालून बसली होती. सगळी एकमेकांकडे पाहायला लागली. तिसऱ्यांदा पुकारल्यावर मागच्या रांगेतून एका गुरुजींनी एका मुलाला कोपराने ढोसलं, तेव्हा तो उठला. मंचाशी आल्यावर अगदी हळू म्हणाला, "घ्रितलहरे, मैडम." घरात मराठी बोलणाऱ्या माझ्या जिभेला 'ऋ' म्हणजे 'रु'. छत्तीसगडात तो 'रि' असतो. मी शाळेत संस्कृत शिकवायची. घृत म्हणजे तूप, लहर म्हणजे लाट. तुपाच्या लाटेचं इतकं देखणं आडनाव मी माझ्या पद्धतीने उच्चारलं, आणि ज्याचं होतं त्यालाच ते ओळखू आलं नाही.

ही गोष्ट १९८९ सालच्या हिवाळ्यातली. रायपूरच्या सप्रे शाळेच्या मैदानावर जिल्ह्यातल्या सरकारी शाळांच्या स्पर्धांचा बक्षीस समारंभ होता. मी नोकरीत नवी होते. आमच्या प्राचार्यांनी माइक माझ्या हातात दिला, कारण काय, तर "तुमचे उच्चार स्वच्छ आहेत." पुढची तेहतीस वर्षं, मध्ये काही खंड पडले ते सोडून, हा माइक आणि ही यादी माझ्याकडेच राहिली. कधी मैदान बदललं, कधी सभागृह मिळालं. मध्य प्रदेशाचं छत्तीसगड झालं, जिल्हाधिकारी किती आले आणि गेले. यादी मात्र दरवर्षी यायची, आणि ती वाचायला मला बोलावणं यायचं.

तेव्हाचा रायपूर जिल्हा म्हणजे केवढा! १९९८ साली धमतरी आणि महासमुंद वेगळे झाले, २०१२ साली गरियाबंद आणि बलौदाबाजार. त्याआधी ओडिशाच्या सीमेवरचं देवभोगही आमच्याच जिल्ह्यात होतं, रायपूरपासून दोनशे किलोमीटरच्या वर. सिहावाच्या डोंगरातली मुलं आमची, महानदीकाठच्या कसडोलची मुलंही आमचीच. शाळेत जिंकलेलं मूल संकुलात जायचं, तिथून विकासखंडात, तिथून जिल्ह्यात. जिल्ह्याला पोचलेल्या मुलाने तोवर तीन मैदानं पाहिलेली असत आणि तीन वेळा आईला सांगितलेलं असे की अजून एकदा जायचं आहे. धमतरीकडची पोरं छोट्या लाइनने यायची. लहानशा डब्यांची ती गाडी झुलत झुलत रायपुरात शिरायची, आणि पोरं अर्धी बाहेर लटकून शहर बघायची. देवभोगवाली आदल्या दिवशीच निघायची. आम्ही वर्गातली बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकायचो. रात्री खिचडी शिजायची. पोरांच्या पिशव्यांतून ठेठरी आणि खुरमी निघायची, आणि कुठल्या गावची ठेठरी जास्त खुसखुशीत यावर अंधारात भांडणं रंगायची. त्या झोपलेल्या पोरांच्या रांगांमधून मी हातात कंदील घेऊन फिरले आहे. उद्या ज्यांची नावं माइकवरून घ्यायची ती पोरं कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन निजलेली असायची. कुणी झोपेतही धावत असल्यासारखे पाय हलवायचं.

बक्षीस काय असायचं? स्टीलचा पेला. कधी डबा. एखाद्या वर्षी पैसे जास्त आले तर बाहेरच्या बाजूला फुलं कोरलेला लोटा. आणि एक प्रमाणपत्र, त्यावर सुंदर अक्षराच्या एखाद्या गुरुजींनी निळ्या शाईने लिहिलेलं नाव. नावापुढे 'आत्मज' किंवा 'आत्मजा', मग वडिलांचं नाव, मग शाळा, मग गाव. ही सगळी ओळ मी वाचायची. सुरुवातीला मला वाटायचं, लांबण लागते आहे, नुसतं नाव आणि क्रमांक पुरे. पण पाहुण्यांच्या भाषणाकडे पाठ करून बसलेले मांडवाबाहेरचे लोक, चहावाला, सायकलला टेकून उभे असलेले वडील, सगळे गावाचं नाव आलं की मान वळवायचे. "खरोरा!" "अरे, हमर गांव के लइका!" तेव्हापासून मी गावाच्या नावाआधी किंचित थांबायला लागले.

त्या नावांनी मला छत्तीसगड शिकवलं, असं म्हटलं तर ते अगदी खरं आहे. आमचं घर बुढापाऱ्यातलं. पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या कारकुनीत इकडे आले, असं आजोबा सांगायचे. १९५६ पर्यंत तर रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, नागपूर राजधानी. घरात गणपती, चैत्रगौर, पुरणपोळी. सणावाराला चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ. तात्यापाऱ्यात मावशी. पिढ्यानपिढ्या इथे काढूनही आम्ही शहराच्या त्या चार गल्ल्यांतच राहत होतो. यादी हातात आली आणि त्या गल्ल्यांबाहेरचं जग नावानिशी समोर उभं राहिलं. साहू, निषाद, देवांगन, बंजारे, टंडन, डहरिया, कोसले. समारू सोमवारी जन्मलेला, मंगलू मंगळवारी, बुधारू बुधवारी. दुकालू दुष्काळात जन्मला म्हणून दुकालू. हे नाव पहिल्यांदा वाचताना माझा आवाज खाली आला, कारण मराठी कानाला त्यातला दुकाळ समजावून सांगावा लागत नाही. बिसाहू म्हणजे विकत घेतलेला. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईबापांनी जन्मलेलं बाळ दुसऱ्याच्या हाती दिलं आणि नाममात्र मोलाने परत घेतलं, काळाची नजर चुकवायला. आपल्याकडे दगडू आणि धोंडू असतात, भिकाजी असतात, ते याच भीतीतून. असं नाव धारण करणारा एखादा मुलगा लांब उडीत पहिला यायचा, आणि मी ते माइकवर मोठ्याने म्हणायची, तेव्हा मला त्याच्या आईची ती रात्र आठवायची, जिच्याबद्दल मला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

साताऱ्यात २०११ साली 'नकोशी' म्हणून वाढलेल्या शेकडो मुलींना सरकारी समारंभात नवी नावं दिली गेली, ती बातमी मी वर्तमानपत्रातून कापून यादीच्या फाइलमध्ये ठेवली होती. एकेक मुलगी पुढे येते आहे आणि तिचं नवं नाव सगळ्यांसमोर घेतलं जातं आहे. तिथे माइक कुणाच्या हातात असेल, तिला किंवा त्याला काय वाटलं असेल, याचा मी फार विचार केला.

आता जे सांगायचं आहे ते मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

राज्य नवं होतं, वर्ष २००२ असावं. यादी टंकलेली होती, तीन पानांची, कोपऱ्यात टाचणी. दुसऱ्या पानाच्या तळाची शेवटची ओळ तिसऱ्या पानाच्या घडीखाली गेली. मी पान उलटलं आणि पुढे वाचत गेले. समारंभ संपला, राज्यगीत तेव्हा ठरलेलं नव्हतं, राष्ट्रगीत झालं, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली. मंचाच्या पायरीशी एक मुलगी उभी होती. तिच्या केसांना लाल फितीची दोन फुलं, नवी, त्याच दिवशी बांधलेली. तिच्याबरोबर तिचे वडील, खांद्यावर गमछा. मला वाटलं, शौचालय विचारायला आली असेल. ती काहीच बोलली नाही. वडील म्हणाले, "माइक म नांव नइ आइस, मैडम."

धावण्यात तिसरी आली होती. मी पानं उलगडली, ओळ सापडली. प्रमाणपत्र होतं, पेला होता, दोन्ही तिच्या हातात दिले. मी माफी मागितली. वडील म्हणाले, "कुछु बात नइये." खरंच रागावलेले नव्हते. पण मुलगी पेल्याकडे बघतच नव्हती, ती माइककडे बघत होती. त्या वेळेपर्यंत माइकवाल्याने वायर काढून वेटोळी करायला घेतली होती. मी त्याला सांगू शकले असते, जरा थांब, पुन्हा जोड. मैदान रिकामं होतं तरी काय झालं? एक नाव घ्यायला किती वेळ लागतो? मला ते सुचलंच नाही. त्यांची शेवटची बस होती, ते निघून गेले. सुचलं ते रात्री, घरी, हात धुताना.

त्या मुलीचं नाव मला पाठ आहे. इथे लिहीत नाही. आज ती पस्तिशीची झाली असेल.

त्यानंतर मी समारंभाच्या आधी तासभर मांडवात जाऊन बसायला लागले. प्रत्येक मुलाला जवळ बोलवायची. तुझं नाव तू सांग, मी ऐकते. तुझ्या गावात कसं म्हणतात तसं सांग. ते सांगायचे, मी देवनागरीच्या वर माझ्या खुणा करायची, कुठे लांबवायचं, कुठे 'रि' म्हणायचं. एक चिमुरडा मला बजावून गेला होता, "मोर नांव ल बने कइहौ, मैडम." नीट म्हणा. तेव्हाच मी विचारायला लागले, आईचं नाव काय? कागदावर जागा नव्हती, तरी मी वाचायची. पहिल्या वर्षी एका अधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या वर्षी मांडवाच्या कडेला उभ्या बायकांमध्ये पदर तोंडाशी नेऊन हसणं सुरू झालं. कुणीतरी शेजारणीला ढकलत होतं, तुझं नाव घेतलं, तुझं. पुढे सरकारी कागदांवरच आईच्या नावाची जागा आली, तेव्हा मला जणू स्वतःचंच काही मंजूर झाल्यासारखं वाटलं.

यादीही हळूहळू बदलत गेली. आधी धावणं, उड्या, कबड्डी, खो-खो, वक्तृत्व, लोकनृत्य. मग विज्ञानाची पानं वाढली. इन्स्पायर मानक योजनेत तेव्हा सहावी ते दहावीच्या मुलांनी नुसती कल्पना लिहून पाठवायची आणि निवड झाली तर नमुना बनवायला दहा हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात. खेड्यातल्या काही घरांत त्या मुलाआधी कुणाचंच खातं नसे. एका मुलीने धान पाखडताना तूस डोळ्यांत जाऊ नये म्हणून सुपाला बांबूची चौकट आणि जुना पंखा जोडला होता. परीक्षकांनी विचारलं, कल्पना कशी सुचली? ती म्हणाली, आजी डोळे चोळते. बस, एवढंच उत्तर. मला वाटतं परीक्षकांनाही त्यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

आणि सायकली. सरस्वती सायकल योजनेतून नववीतल्या मुलींना सायकली मिळायला लागल्या, तेव्हा जिल्ह्याच्या मैदानावरचं चित्र माझ्या डोळ्यांदेखत पालटलं. आधी आठवीनंतर मुलींची नावं यादीतून गळायची. हायस्कूल पुढच्या गावात, मधे पाच-सात किलोमीटरचा रस्ता, शेतं, एक नाला. सायकल आली आणि रस्त्यावर निळ्या गणवेशांची माळ दिसायला लागली, दोन वेण्या, मागच्या कॅरिअरवर मैत्रीण. धरसींवाच्या एका शाळेतल्या मुली तर विकासखंडाच्या स्पर्धेला सायकलवरच आल्या, उतरल्या, धावल्या, जिंकल्या आणि पुन्हा सायकलवर बसून घरी गेल्या.

लोकनृत्याबद्दल लिहायला बसले तर हात थांबणार नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पोलीस परेड ग्राउंडवर सराव चालायचा, चिखल, उकाडा, भिजलेले मोजे. पंथी करणारी मुलं मांदरच्या तालावर एकमेकांच्या खांद्यांवर चढत मनोरा उभा करायची. खालचा मुलगा सगळ्यांचं वजन पेलत असतो आणि चेहरा कुणालाच दिसत नाही. मी पथकप्रमुखाला सांगायची, सगळ्यांची नावं लिहून दे, खालच्याचं आधी. सुवा नाचणाऱ्या मुली मध्ये टोपलीत मातीचा पोपट ठेवून वाकून टाळ्या देत फिरायच्या. बघताना मला आमच्या अंगणातला भोंडला आठवायचा, मध्ये पाटावरचा हत्ती. पोपटाच्या जागी हत्ती, एवढाच काय तो फरक. आई एकदा माझ्याबरोबर बघायला आली होती. ती म्हणाली, "अगं, ह्या आपल्याच मुली की."

२०२० आणि २०२१ साली मैदान नव्हतं. बारावीच्या मुलांनी जून २०२१ मध्ये प्रश्नपत्रिका घरी नेऊन घरीच उत्तरं लिहिली. त्याआधी आम्ही मोहल्ला क्लास घेत होतो, चिंचेखाली, अंतर राखून, तोंडाला रुमाल. तिथे मी रोज तास संपताना यादी वाचायची. कुणी सतराचा पाढा म्हटला, कुणी धाकट्या भावाला अक्षरं गिरवायला शिकवली, कुणी तापातून उठून आलं. माइक नाही, पाहुणे नाहीत, पेले नाहीत. नाव घेतलं की मूल उभं राहायचं. बाकीचे रुमालाआडून हसायचे ते डोळ्यांवरून कळायचं.

मग २०२२ चा ऑक्टोबर आला. राज्याच्या दहावी आणि बारावीच्या प्रावीण्य सूचीत पहिल्या दहांत आलेल्या शंभराहून अधिक मुलांना मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी मे महिन्यात दिलेल्या शब्दाप्रमाणे रायपुरात बोलावून हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. शहरावरून काही मिनिटांची फेरी. घरी माझा भाऊ म्हणाला, एवढ्या खर्चात शाळांची किती छपरं झाली असती. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, गळक्या छपरांखाली मी शिकवलं आहे. तरी मी त्याच्या बाजूने बोलू शकले नाही. त्या मुलांमध्ये रोजमजुराच्या, शेतमजुराच्या घरची मुलं होती. त्यांनी वरून पाहिलं असेल, खाली बुढा तालाब, तेलीबांधा, आणि शहर संपलं की ऑक्टोबरमधलं धान, हिरव्यातून सोनेरी होत चाललेलं. आपला जिल्हा असा दिसतो हे कुणी त्यांना आयुष्यात एकदा दाखवलं, यात मला आनंदच वाटला. फक्त रात्री झोप येईना. मला अकरावा मुलगा दिसत राहिला. दहाव्यापेक्षा एका गुणाने मागे. मला त्याचं नाव हवं होतं.

योगायोगाने त्याच दिवसांत छत्तीसगढिया ऑलिम्पिक सुरू झालं, चौदा देशी खेळांचं. त्यात वयाचे तीन गट होते, अठरापर्यंत, अठरा ते चाळीस, आणि चाळिशीपुढचे. म्हणजे शाळेतली मुलगी आणि तिची आई दोघी उतरू शकत होत्या, आणि उतरल्याही. खेळांची यादी माझ्या हाती आली आणि मी ती आईला वाचून दाखवली. भंवरा म्हणजे भोवरा. बांटी म्हणजे गोट्या. पिट्ठुल म्हणजे आपली लगोरी. संखली म्हणजे साखळी, बिल्लस म्हणजे टिक्कर. लंगडी ती लंगडी आणि फुगडी ती फुगडी, फक्त इथली फुगडी उकिडवं बसून पाय मागेपुढे करत खेळायची. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. म्हणाली, "मी करून दाखवू?" एका गेडीवर तेवढी ती अडली. बांबूवर चढून चालायचा हा खेळ हरेलीच्या सणाचा, पावसाळ्यातल्या चिखलाचा. तो आमच्या घरात कुणाला येत नव्हता. एका गावच्या मैदानावर मी साठी ओलांडलेल्या एका आजींचं नाव पुकारलं. शाळेच्या इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणाच्या नावापुढे 'आत्मजा' म्हणताना अडखळायला झालं, कारण त्यांचे वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्यांनीच सांगितलं, म्हणा, म्हणा. बरेच दिवस झाले कुणी म्हणून.

सेवेच्या शेवटच्या दिवसांत मी सप्रे शाळेच्या मैदानाच्या कडेला बरीच बसायची. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. रायपुरात मुलींसाठी पाठशाळा काढली. १९२६ साली ते इथेच गेले. शहर त्यांचं नाव दिवसातून हजारदा घेतं, "सप्रे शाला के पास उतार देना" म्हणून. मला यात काही वाईट वाटत नाही. शाळेचं नाव होऊन राहणं, पोरांच्या दप्तरावर, रिक्षावाल्याच्या तोंडी, यापेक्षा मराठी माणसाने या शहराकडून काय मागावं? पलीकडे बुढा तालाबात ध्यानस्थ बसलेले विवेकानंद. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र रायपूरला आला. तेव्हा इथे त्याच्याजोगी शाळा नव्हती, म्हणून तो घरीच वडिलांपाशी शिकला, असं चरित्रकार लिहितात. त्याचा पुतळा जिथे बसला आहे तिथून आता दुपारच्या सुटीचा गलका सहज ऐकू जात असेल.

मी २०२३ साली निवृत्त झाले. फाइल कपाटात आहे. यंदाच्या हिवाळ्यात एका दुपारी अंगणात गहू निवडत होते, तेव्हा मैदानाकडून माइक लागल्याचा आवाज आला. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. मग नावं सुरू झाली. बाईचा आवाज, तरुण, थोडा घाईचा. वाऱ्याबरोबर शब्द यायचे, जायचे. आरंग. अभनपूर. तिल्दा. मी गव्हातला हात थांबवला. तिने एक नाव घेतलं, अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. मला उठून ओरडून सांगावंसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "बेटा, तुम ही बोलो," आणि माइकवर खरखर झाली, कुणाच्या तरी हातात तो गेला असावा. क्षणभर काहीच नाही. नुसता श्वास. मग एका मुलीचा बारीक, स्पष्ट आवाज बुढापाऱ्याच्या छपरांवरून आला. आधी तिचं नाव, मग आईचं नाव, मग गाव.